तो घोडेस्वार पडला नाही

बायकोबरोबर मी केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे रजईला खोळ घालणं. इकडे अशा रजईला ड्युव्हे म्हणतात. एकट्याचं काम नाही ते. सुमन खोळीत डोकं घालून आत शिरायची, दोन टोकं धरायची, आणि मी बाहेरून झटकायचो.

"अहो, ओढा की! जन्म गेला लाँड्रीत आणि खोळ घालता येईना!" ती आतून ओरडली.

"तू बाहेर ये आधी. भुतासारखी दिसतेस."

हसली. दोन दिवसांनी सकाळी चहा ओतता ओतता खाली बसली... ती उठलीच नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. सुमन ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात सिस्टर होती, तिच्यामुळे मी या देशात आलो आणि तिथल्याच लाँड्रीत लागलो. आधीच सांगतो — आत्मा, संकेत, असल्या गोष्टी मला रिकामटेकड्यांच्या वाटतात. मेलेल्या माणसांच्या चादरी मी रोज धुतल्या. एकही चादर कधी बोलली नाही. तरी हे लिहितोय, कारण घडलंय.

ब्रिस्टलहून बसने तासाभराच्या वर एक छोटं जुनं शहर आहे. नाव लिहीत नाही, उगीच लोक बघायला जातील. म्हणायला सिटी, पण अर्ध्या तासात सगळं पायी होतं. मोठं दगडी चर्च, शेजारी बिशपचा वाडा, त्याभोवती पाण्याचा खंदक, त्यात हंस. सुमन वाईची. पहिल्यांदा बघितलं तेव्हाच म्हणाली, "ही इंग्रजांची वाई." तेव्हापासून दर ऋतूत आमची एक फेरी ठरलेली. म्हातारपणी बसपास फुकट झाला, मग तर काय!

चर्चच्या आत फार जुनं घड्याळ आहे. दर पाव तासाला घंटा होते आणि वरती लाकडी घोडेस्वार गोल फिरतात, लढाई करतात. त्यातल्या एकाला फटका बसतो आणि तो घोड्यावर आडवा होतो. दरवेळी तोच. शेकडो वर्षं तोच. सुमनला त्याची दया यायची. तो पडला की माझ्या डाव्या बरगडीत कोपर मारायची. "पडला बघा बिचारा. एक दिवस नाही पडायचा हा!"

"लाकडाचा आहे तो. पडायलाच बसवलाय."

"तुम्ही गप्प बसा."

ती गेल्यावरही मी जात राहिलो. घरी तरी काय होतं? वसंतात गेलो, हंसाला पिल्लं झाली होती. "बघ" म्हणायला तोंड उघडलं आणि शेजारी कोणी नाही. उन्हाळ्यात गेलो. बाजारातल्या फळवाल्या बाईने विचारलं, "व्हेअर्स युवर लेडी टुडे?" मी म्हटलं, "डेड." दुसरा शब्द येत नव्हता. तिने पिशवीत एक पीच जास्तीचं टाकलं. ते मी बसमध्ये खाल्लं, हातावरून रस गळत होता आणि पुसायला रुमाल देणारी नव्हती.

शरद ऋतूतली फेरी शेवटची असणार होती. मुलगा निखिल लंडनमध्ये क्रॉयडनला असतो. "बाबा, तुम्ही एकटा नाही राहायचं. बॉक्स रूम रेडी आहे." बॉक्स रूम म्हणजे एका पलंगाची चिमुकली खोली. त्याचं चुकत नव्हतं. मी टोस्टवर जगत होतो, दिवसभरात कोणाशी शब्द नाही. मी हो म्हटलं होतं. खोकी भरून झाली होती, दुसऱ्या दिवशी तो व्हॅन घेऊन येणार आणि मग आमचं घर विकायचं. जावं की राहावं हे मला कळत नव्हतं. आमच्यात ठरवायची ती. मी फक्त सामान उचलायचो.

त्या दुपारी घड्याळासमोर बाकावर बसलो. बाक रिकामा. पाऊस होता, माणसं थोडी. खांद्यावरून आडवा पट्टा घातलेली एक म्हातारी गोरी बाई, लोकांना माहिती सांगणारी, खांबापाशी उभी होती. मी वर बघतच नव्हतो, बुटाकडे बघत होतो. घंटा झाली, घोडे फिरायला लागले, आणि माझ्या डाव्या बरगडीत कोपर बसलं.

भास नाही. जोरात. तिथेच. मी "आई गं" म्हणालो, तेसुद्धा मोठ्याने.

शेजारी कोणी नव्हतं. वर बघितलं. तो स्वार येत होता, समोरच्याचा फटका आला... आणि हा बसलेलाच. ताठ. पुन्हा फिरून आला, पुन्हा फटका, पुन्हा ताठ. मग घोडे थांबले.

मी त्या बाईकडे गेलो. "ही नो फॉल!"

"ही ऑल्वेज फॉल्स, माय लव्ह," ती हसून म्हणाली. "आय जस्ट वॉच्ड हिम."

ती खोटं बोलत नव्हती. तिने पडताना बघितला, मी न पडताना बघितला, एकाच वेळी. मी पुढचा पाव तास थांबलो. घंटा झाली, तो नेहमीसारखा आडवा झाला. त्याच्या पुढचाही बघितला. आडवा.

मोतीबिंदू काढून झालाय माझा, नजर चांगली आहे. झोप लागली नव्हती. डोळ्यांचा दोष धरला तर कोपर कोणाचं? बसमध्ये बरगडी चोळत आलो, दुखत होती. मला आजही याचा अर्थ लागलेला नाही, आणि कोणी सांगितला तरी मी ऐकून घेईन असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी स्वयंपाकघराची खोकी फोडली. जन्मात भात लावला नव्हता, तो लावला. निखिल आला तेव्हा घरभर धूर होता.

"बाबा, काय जळतोय? खोकी का ओपन केलीत? व्हॅन बाहेर उभा आहे!"

"पातेलं सापडत नव्हतं."

"संध्याकाळी परत द्यायचा आहे तो."

"मग रिकामी दे. हात धू आधी."

त्याने हात धुतले. आम्ही खोक्यांवरच ताटल्या ठेवून बसलो. पहिला घास घेऊन म्हणाला, "मीठ नाही घातलंत."

"वरून घे," मी म्हटलं, आणि अजून वाढला.