नडगीवर पारखलेले चेंडू

"थांबा, आधी नडगीला विचारू दे," असं म्हणत सर पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायचे आणि चेंडू स्वतःच्याच नडगीवर आपटायचे. तोंड किती वाकडं झालं, त्यावरून तो कोणाला द्यायचा ते ठरे.

महाडला आमच्या आळीत राहणारे हे निवृत्त व्यायामशिक्षक गावोगावच्या क्रिकेट सामन्यांना चेंडू निवडून द्यायला जात. धावा लिहायला सोबत मी. लहानांना प्लास्टिकचा, बायकांना हलका टेनिस, सराव असलेल्या पोरांना जड टेनिस. "चेंडू मारणाऱ्याकडे बघून नाही, अडवणाऱ्याकडे बघून निवडायचा," ते म्हणत. मला त्यांनी एकदा स्पंजचा दिला होता. माझ्या धावा पाहता तक्रारीला जागा नव्हती.

मे महिन्यात कापडे गावात सामना होता. एकीकडे गावचीच, पण मुंबईला नोकरी करणारी पोरं. दुसरीकडे पन्नाशीचे अनवाणी शेतकरी. सरांनी हलका चेंडू काढला.

"सर, हा तर बारशाला द्यायचा बॉल हाय!" एक मुंबईकर ओरडला. "तुम्ही घाबराया लागलात काय आता?"

सगळे हसले. सरांचे कान लाल झाले. त्यांनी पिशवीतून जड चेंडू काढला आणि न पारखताच फेकला.

तिसऱ्या षटकात तो एका शेतकऱ्याच्या हातावर बसला. दोन बोटं मोडली, आणि भाताची लावणी तोंडावर.

लावणीला सर स्वतः त्याच्या शेतात उतरले. संध्याकाळी तो हसत म्हणाला, "सर, आता घरी जावा. तुमची रोपं तरंगतात. ती परत लावाया माणूस लागतो." सरांना हसता आलं नाही. त्यानंतर त्यांनी कुणालाच चेंडू निवडून दिला नाही.

पुढच्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे चहा घेत होतो. बाहेरून हाक आली, "सर हायत काय? बॉल बघाया चला, रिक्षा आणलीय." तोच शेतकरी. सरांनी मला गप्प बसायची खूण केली आणि पत्नीला, आमच्या वहिनींना, पुढे पाठवलं.

"बाहेर गेलेत," त्या म्हणाल्या.

"चपला तर हितंच हायत, वहिनी." मग तो जरा थांबून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "बरं. आले की सांगा, बोटं वाकडी हायत, पर बॅट धरता येते. त्यांच्याबिगर सामना सुरू करनार नाय."

सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी कपात पाहत राहिलो. वहिनींनी चपला आत आणल्या आणि त्यांच्या पायाशी ठेवल्या.

सरांनी त्या घातल्या नाहीत. बाहेर रिक्षा बराच वेळ नुसतीच घरघरत होती.