पुसून टाकलेली उत्तरं

तिच्या दुकानाच्या दारात उभं राहिलं की आधी खळीचा वास येतो. पुस्तकं बांधणारी बाई ती; लहानथोर सगळे तिला अक्का म्हणतात. तिनं शिवलेलं पुस्तक ओढलं तर कागद फाटेल, शिवण उसवणार नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

साथीच्या दिवसांत तिचा धाकटा भाऊ तापानं आडवा झाला. गल्लीतल्या लोकांचा मोबाइलवर आरोग्याचा एक ग्रुप होता, तो डॉक्टरकाका चालवायचे. नावाचेच डॉक्टर; उभा जन्म पाणीखात्यात मीटर वाचण्यात गेलेला. पण बोलणं असं ठाम, की चारशे माणसं त्यांच्या उत्तराखाली हात जोडलेली चित्रं टाकायची. अक्का विचारी, काका सांगत. भावाला मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून प्रत्येक प्रश्न आणि उत्तर ती तारीखवेळेसकट कागदावर ठसठशीत उतरवून त्याच्या उशाशी ठेवी.

ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला तेव्हा तिनं विचारलं, इस्पितळात नेऊ का. उत्तर आलं, मिठाच्या पाण्याची वाफ दुप्पट करा, तिथं गेलेला परत येत नाही. तिनं पातेलं दोनदा उकळलं. सकाळी भाऊ गेला.

दुपारपर्यंत काकांनी ग्रुपवरची आपली सगळी उत्तरं पुसली. कुणी विचारलं तर म्हणत, असं मी बोललोच नाही.

वर्षभरानं वाचनालयानं साथीतल्या सेवेबद्दल त्यांचा सत्कार ठरवला. अक्कानं भावाच्या उशाचे ते कागद काढून त्यांचं पुस्तक शिवलं. शंभर वर्षं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद मुद्दाम जास्त घातला. पुठ्ठ्यावर काकांचं पूर्ण नाव सोनेरी वर्खात उठवलं आणि सत्काराच्या सकाळी पुस्तक वाचनालयाच्या टेबलावर ठेवून आली. येणाऱ्यानं ते उभ्या उभ्या वाचावं आणि गप घरी जावं. भाषणाच्या वेळी खुर्च्या रिकाम्या होत्या.

संध्याकाळी काका दुकानात आले. तोंड एवढंसं झालेलं.

"अक्का, माझ्या मनात वाईट नव्हतं गं. नाव तेवढं काढ."

"सोनं खरवडलं तरी पुठ्ठ्यावर खाच राहते, काका."

"मला नातवंडं आहेत. ती वाचतील."

"वाचू देत. आत विचारणारीचं नावही आहे, पानापानावर. पातेलं मीच उकळलं. तेही मी काढलेलं नाही."

तिनं दाभण उचललं. काका उभेच होते. तिनं बसा म्हटलं नाही.