सरांच्या डब्यातले चार तुकडे

समस्त रहिवाशांस कळविण्यात येते की, आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप गेल्या मंगळवारी पहाटे साडेपाच वाजता कायमचा गप्प झाला आहे. दुखवटा पाळू नये. पंप धडधाकट आहे, पाणी टाकीत चढतं आहे, फक्त आवाज गेला. गेले ते आमचे भोयर सर, सव्वा महिन्यापूर्वी... या दोन गोष्टींचा संबंध आहे आणि तो अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

सर देवळीच्या शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमचा पंप जणू दत्तकच घेतला. पंपघराची एकुलती एक किल्ली त्यांच्या गळ्यात असे. पहाटे साडेपाचला ते बटण दाबत आणि माझं घर हादरे, कारण पंपघर आणि माझी झोपायची खोली यांच्यात एकच भिंत. मांडणीवरची ताटं आधी कुजबुजत, मग वाजत, मग एखादं उडी घेई. मी लुंगीवरच बाहेर धावायचो आणि आभाळाकडे हात करून पंपाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. सर शांतपणे ऐकून घेत. "झालं? चाल आता वरतं. चहा झाकून ठेवला हाय." मग त्यांच्या गॅलरीत तासभर चहा आणि गप्पा. मुलगा पुण्याला, घरात सर आणि वहिनी दोघंच.

तीन वर्षांपूर्वी सरांनाच माझी दया आली. पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या टायरचं रबर आणून त्यांनी चार तुकडे कापले आणि मोटरच्या पायांखाली बसवले. काय सांगू! पंप मांजरासारखा गुरगुरू लागला. तीन दिवस मी आठपर्यंत झोपलो. चौथ्या पहाटे ताट उशाशी येऊन आदळलं. रबर गायब!

"कोणं काढलं?" मी गरजलो.

"मले काय मालूम?" सर चहा ओतत म्हणाले. "पण आवाज नाई तं पंप चालू हाय का बंद हेच समजत नाई, टाकी वाहून राह्यली, असा राऊत बोंबलत होता."

"मग दुसरं लावा ना."

"लावीन. तो थेही काढंन."

राऊत तिसऱ्या मजल्यावरचा, माझा कॅरमचा जोडीदार. मी जिन्यात उभं राहून सगळ्या बिऱ्हाडांदेखत त्याला चोर म्हटलं. "मी काऊन काढीन बे?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, शेवटी त्याचा आवाजही फुटला. मी ढिम्म. तीन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. पंगतीत काय काय होतं ते सरांच्या गॅलरीत बसून सरांच्याच तोंडून ऐकलं. किल्ली ज्यांच्या गळ्यात, त्यांच्याच समोर बसून मी चोराला शिव्या देत होतो... आणि ते माझा कप पुन्हा भरत होते.

सर गेले तेव्हा मी खांदा दिला, पोरासारखा रडलो. तेरवी झाल्यावर वहिनींनी पंपाची अवजारं न्यायला वर बोलावलं. बिस्किटाच्या डब्यात पाने, पक्कड, टेस्टर. तळाशी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले चार रबरी तुकडे, प्रत्येकावर सरांच्या वळणदार अक्षरात खडूने आकडा टाकलेला.

मी आधी खो खो हसलो. मग हसू गेलं. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

ते तुकडे घेऊन मी राऊतचं दार वाजवलं. त्याने तुकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली येऊन बोल्ट कसले. लग्नाचा अल्बम मात्र त्याने दाखवला नाही. मीही मागितला नाही.

आता पंप गुरगुरतो आणि मी साडेपाचला जागाच असतो. वरच्या गॅलरीत दोन खुर्च्या अजून तशाच समोरासमोर आहेत. सरांवर मनसोक्त रागवावं म्हटलं, तर तेही धड जमत नाही. कारण त्या दिवशी ते रबर हातात धरून मी विचारलं होतं, "वहिनी, सरांनी असं काऊन केलं?" वहिनी पदराचं टोक पिळता पिळता एकदम बोलून गेल्या...

"मंग काय करतीन भाऊजी? रबर लावलं तं तीन दिवस तुम्ही चहाले आलेच नाई!"