कापूस अडकला तर ओके नाही

मामांना 'ओके' लिहिताच येत नाही, अशी लिफ्ट कंपनीत बोलवा होती. म्हणूनच म्हणे त्यांची तपासणीची कार्डं कोरी राहतात.

साफ खोटं. तीस वर्षांत हजारो कार्डांवर त्यांनी ते लिहिलंय, चांगलं ठसठशीत. फक्त त्याआधी ते लिफ्टच्या लोखंडी दोरावरून कापसाचा बोळा फिरवतात. दोरातली एखादी तार तुटलेली असली, की कापूस तिथं अडकतो. डोळ्याला दिसत नाही ते कापसाला दिसतं.

बाकीच्यांचं ओके स्वस्तातलं. साहेब फोनवर "ओक्के!" म्हणतात, म्हणजे आता तोंड बंद करा. मामी "ओके हं" म्हणते, म्हणजे भांडण उद्यावर गेलं. मामांनीही एकदा तसंच लिहून टाकलं होतं. घाई होती, बोळा खिशातच राहिला. आठवड्याभरात दोर तुटला आणि त्यांच्या कामावरच्या जोडीदाराचं कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. दर रविवारी मामा जाऊन त्याची दाढी करून देतात. त्या दिवसाचा विषय दोघंही काढत नाहीत.

गेल्या महिन्यात एका बारा मजली इमारतीत कापूस तीन ठिकाणी अडकला. मामांनी लिफ्ट बंद केली. साहेब जिने चढून, धापा टाकत वर आले.

"मिस्त्री, उद्या लोक राहायला येतायत. ओके करून टाका. दोर पुढच्या महिन्यात बदलू."

"मग ओकेही पुढच्या महिन्यात लिहितो."

"निवृत्तीला चार महिने उरलेत तुमच्या. सकाळी कार्ड भरा, नाहीतर घरी बसा."

रात्री वाढताना मामी म्हणाली, "अहो, दोन अक्षरं तर आहेत. हात झिजणारेय का?"

मामा खाली मान घालून जेवत राहिले. मी साहेबांचा आवाज काढून दाखवला, धापांसकट. एरवी पोट धरून हसतात, त्या दिवशी नाही हसले. मग मी म्हटलं, "मामा, उद्या तुम्ही लिहिणार. पैज! हरलो तर महिनाभर भांडी माझी."

"लाव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच दार वाजलं. कंपनीचा शर्ट आणि अवजारांची पिशवी जमा करून घेतली होती. मामा नुसत्या बनियनवर उभे.

"सही दुसऱ्यानं केली," ते म्हणाले. "मी जिन्यानं उतरत होतो. लिफ्ट शेजारून वर गेली. भरलेली."

मामी भिंतीला टेकून खालीच बसली.

मामांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. "भांडी पडलीयत," मला म्हणाले.