दादीची लेंगी

परवा यवतमाळच्या घरी रंगासाठी पळसाची फुलं उकळायला ठेवली आणि त्या तुरट, ओल्या वासानं मला राळेगावकडच्या आमच्या बंजारा तांड्यावर नेलं.

होळीची सकाळ होती. बाया फेर धरून लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, गात होत्या. नव्वदी ओलांडलेली माझी दादी अंगणातल्या खाटेवर बसली होती. तिला आता दिसत नव्हतं, आणि दादाजी गेल्यापासून तिनं होळीचं गाणं सोडलंच होतं.

मधेच बायांना पुढची ओळ आठवेना. सगळ्या थबकल्या. तेवढ्यात खाटेवरून दादीनं ती ओळ उचलली. आवाज थरथरता, पण सूर पक्का.

"मले फेरात ने वं," ती मला म्हणाली.

"दादी, पडशीन!"

"पडली तर रंगातच पडीन."

तिचा हात माझ्या खांद्यावर ठेवून मी फेरात शिरले. भोवती घागरे फिरत होते, आरसे लुकलुकत होते, पायाखाली केशरी चिखल झाला होता. दादी शेवटच्या ओळीपर्यंत गायली.

ती पडेल या धास्तीनं मी सारा वेळ तिच्या पावलांकडेच बघत राहिले. तिचा चेहरा कसा दिसत होता, ते मला इतरांनी सांगितलं. नव्या नवरीसारखी लाजत होती म्हणे.