आहेराची टोपी आणि दाजींची टर्बो

तमाम गाडीवाले, मेहुणे आणि आहेरात टोपी स्वीकारणाऱ्या सज्जनांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की टर्बो गाडीच्या कुठल्याही पाइपात कापड कोंबू नये. कोंबलंच तर काढावं. आणि काढायचं राहिलं, तर निदान तोंड उघडावं. यातलं तिसरं कलम मी मोडलं. ते अजून घशात अडकून आहे.

विद्यापीठाच्या नामांतराचा लढा संपून थोडाच काळ झाला होता. वाळूजकडं कारखाने वाढत होते. त्यातल्याच एका कारखान्यात माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, बाहेरच्या शेडवाल्यांना कामं वाटायचे. घरचे मूळचे देवगाव रंगारीचे जमीनवाले, त्यामुळं आवाज भारी आणि गाडीही भारी: टर्बोची, डिझेलवर चालणारी.

टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, म्हणून तिला इंटरकूलरच्या जाळीतून थंड करून इंजिनात सोडतात. ही हवा वाहणारे रबरी पाइप जोर दिला की फुगायचे. मी सर्वज्ञ मेहुणा. म्हणालो, "दाजी, ॲल्युमिनियमचे पाइप टाकू. मुकुंदवाडीतला माझा मिस्त्री करंल. जमलं तर त्याला कारखान्याचं काम द्या."

मिस्त्री नामांतरासाठी तुरुंगात जाऊन आलेला. हाताचा वेल्डिंगचा टाका असा, की जोड कुठं आहे ते बोटानं चाचपडावं लागे. कारखान्याचं काम मिळालं असतं तर त्याची शेड कायमची उभी राहिली असती.

दाजींच्या गारखेड्यातल्या घराची वास्तुशांत झाली, त्याच दुपारी मी गाडी घेऊन मिस्त्रीकडं गेलो. अंगावर आहेराचा टॉवेल, डोक्यावर आहेराची टोपी. मिस्त्री ग्राइंडर चालवत ओरडला, "भाऊ, पाइपाचं तोंड झाका, कचरा जाईल!" मी रुबाबात टोपी काढली आणि कोंबली. जरा जास्तच आत.

पाइप बसले, मी ऐटीत गाडी परत केली. दुसऱ्या दिवशी ती काळा धूर ओकत बैलगाडीच्या चालीनं चालली. त्याच संध्याकाळी ताईनं विचारलं, "आहेराची टोपी कुठं पाडलीस रं?"

तेव्हा कुठं मला आठवलं. दाजींच्या आहेराची टोपी दाजींच्याच गाडीत! म्हणालो, "बसमधून उडाली."

दाजींनी आणि मी गाडी पुन्हा शेडवर नेली. मिस्त्रीनं प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून हवा भरली. एक बुडबुडा नाही. "भाऊ, माझा टाका हवा सोडत नाय," तो म्हणाला. मी छताचे पत्रे मोजत होतो.

दाजी मात्र हसले. "मोर्चे काढणाऱ्या हातांना वेल्डिंग कुठनं येणार?"

आणि मी, ज्याला सगळं ठाऊक होतं तो मी, त्यांच्याबरोबर हसलो. काम दुसऱ्या शेडला गेलं.

पुढच्या रविवारी मिस्त्री पान्हे घेऊन सायकलवर गारखेड्यात हजर. दाजींना म्हणाला, "साहेब, काम देऊ नका. पण माझं नाव खराब झालंय, एकदा पाइप खोलू द्या." दाजींनी खांदे उडवले. मी म्हणालो, "राहू द्या हो मिस्त्री, ऊन लई आहे." त्यानं ऐकलं नाही.

पाइप निघाला. वळणात तारेचा आकडा घालून त्यानं ओढलं, आणि तेलानं काळीठिक्कर पडलेली टोपी बाहेर आली. मिस्त्रीनं ती पायरीवर पसरली. कडेला ताईनं स्वतःच्या हातानं लावलेलं कुंकवाचं बोट अजून दिसत होतं.

मिस्त्री टोपीकडं बघत राहिला, मग माझ्या उघड्या डोक्याकडं. चहा घेऊन आलेली ताई दारातच थबकली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आरं मुडद्या, टोपी गाडीला नाय, मिस्त्रीला घातलीस व्हय!"