आप्पांचा अळणी डबा

संस्थेनं आप्पांना फसवलं, आणि त्यांच्यासोबत मलाही.

आप्पा कासुर्डीचे. सत्तरी ओलांडलेले, एकटे, नुसती हाडं. अशक्त म्हाताऱ्यांना एक संस्था रोज फुकट डबा द्यायची. दुधीची भाजी, मऊ भात, मीठ-तिखट नावाला. आप्पा तो घेऊन, मिळेल त्या गाडीला हात करून, यवतला माझ्या ढाब्यावर यायचे. झाकणावर टिचकी मारायचे. "बोला शेठ, काय देता?"

हातगाडीपासून ढाब्यापर्यंत मी घासाघीस करूनच आलोय.

"एक भाकरी."

"दोन. आन् मटणाचा रस्सा."

"आप्पा, ह्यो आजाऱ्याचा डबा हाय!"

"मंग तुमालाच पायजे. शुगर कुणाला हाय?"

मग मी गल्ल्यावर बसून दुधी गिळायचो आणि समोर आप्पा रस्सा ओरपायचे. गिऱ्हाइकं विचारायची, "मालक, स्वतःच्या ढाब्यावर डबा आणता?" काय सांगणार? माझी शुगर उतरली. आप्पांच्या गालांवर मांस चढलं.

एकदा चिडून म्हणालो, "उद्यापास्नं तसंच जेवा. डबा नको."

आप्पा ताटावरून उठले. "फुकट खायला मी भिकारी हाय व्हय?"

"मग संस्थेचं फुकट चालतं?"

"त्यो डबा मी कुठं खातो?"

पुढं संस्थेनं त्यांचं वजन केलं आणि हायवेला फ्लेक्स लावला. गुबगुबीत आप्पा हसतायत, खाली 'आमच्या डब्याची किमया'. माझ्या रश्शाचं नावही नाही! मी भांडायलाच निघालो होतो. आप्पांनी बाही धरली. "गप बसा शेठ. डबा बंद करत्याल."

तरी संस्थेनं तो बंद केलाच. वजन भरलं, म्हणजे माणूस आता अशक्त नाही, म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून आप्पांची खुर्ची रिकामी. चार दिवस वाट पाहून रस्सा घेऊन कासुर्डीला गेलो. दारात चहात बिस्कीट बुडवून त्यांचं जेवण चाललं होतं.

"बदल्यात द्यायला काय न्हाई, शेठ."

"मग ढाब्यावर कांदे चिरा."

"नजर गेली. तुमचं नुकसान करू?"

रस्सा परत आणला. आयुष्यात एवढा वाईट सौदा केला नव्हता. परवा पुन्हा गेलो, तर त्यांचं मनगटी घड्याळ कोपरापर्यंत सरकलं होतं.

फ्लेक्सवरचे आप्पा मात्र अजून गुबगुबीत आहेत. ज्यानं त्यांचं वजन केलं, त्यानं काटा घेऊन कासुर्डीला यावं. आप्पांना पुन्हा त्यावर उभं करावं, आणि माझ्यासमोर आकडा मोठ्यानं वाचावा.